११० टाक्यांची टोपी: दुसऱ्याने लिहिलेला पॅटर्न विणून तपासताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई साताऱ्यात करंज्याला राहतात. त्यांच्या मावशी मेढ्याच्या बचत गटातल्या बायकांकडून लोकरीच्या टोप्या विणून घेतात आणि हंगामात त्या महाबळेश्वर-पाचगणीच्या दुकानांत जातात. आजवर सगळं तोंडी चालायचं. यंदा गटात नव्या बायका आल्या म्हणून मावशींनी टोपी पहिल्यांदाच कागदावर उतरवली आणि वाटण्याआधी भाचीला विणून बघायला दिली. कागदावर एवढंच लिहिलंय (टेन्शन म्हणजे ठरावीक इंचांत किती टाके बसतात ते माप):

"८ नंबरची सुई. टेन्शन ४ इंचांत २२ टाके. ११० टाके घालून गोल जोडा. २ सुलट २ उलट काठ, २ इंच. मग सगळे सुलट, ५ इंच. मग १२ सुलट, दोनाचा एक, असं शेवटपर्यंत. मग ११ सुलट, दोनाचा एक. असं करत ८ टाके उरले की बंद करा. लहान मुलांना ९६ टाके, बाकी तसंच. लोकर एक गुंडा."

ताई म्हणतात, काठात फेरी जिथे जोडली तिथे चार सुलट टाके शेजारी-शेजारी आले. माथ्याच्या पहिल्या फेरीत शेवटी १२ टाके उरले आणि दोनाचा एक, म्हणजे दोन टाके एकत्र विणून एक, करायला काही राहिलंच नाही. मावशींच्या स्वतःच्या डोक्यावरची टोपी मात्र सुरेख बसते. मग चूक माझी का कागदाची? मावशींना सांगायचं कसं? आणि एवढं विणलेलं उसवू का?

ताई, तुमचं विणकाम बरोबर आहे. कागदावर लिहिलेलं तुम्ही जसंच्या तसं विणलंत आणि कागद जिथे अडतो तिथेच अडलात. तपासणीचं काम असंच व्हायला हवं. पुष्कळ वर्षं विणणाऱ्या बाईला हा कागद दिला असता तर काठाच्या पहिल्याच फेरीत तिने दोन टाके गुपचूप वाढवले असते, माथ्याला हाताच्या सवयीने मधली साधी फेरी घातली असती आणि "मस्त झाली टोपी" म्हणून कागद परत केला असता. टोपी खरंच मस्त झाली असती. कागद होता तसाच राहिला असता, आणि गटातली एखादी नवी मुलगी त्याच जागी रडकुंडीला आली असती. म्हणून मी पॅटर्न तपासायला घेणाऱ्या प्रत्येकीला एकच गोष्ट बजावते: अडलात तर मनाने दुरुस्ती करून पुढे जाऊ नका. आधी लिहून ठेवा, मग हवं ते करा.

आता आकडे बघू. सुई हातात घ्यायच्या आधी पेन्सिल घ्यायची. टोपीचा पॅटर्न तपासण्याचं अर्धं काम पेन्सिलीने होतं आणि त्यात लोकर वाया जात नाही.

२ सुलट २ उलट गोलात जुळायचं तर टाक्यांना ४ ने भाग जायला हवा. ११० ला जात नाही. २७ वेळा चार झाले की १०८ होतात, वर दोन उरतात, ते सुलट पडतात आणि पुढच्या फेरीची सुरुवातही दोन सुलटांनीच होते. तुमच्या जोडावरचे चार सुलट टाके ते हेच. माथ्यावर १२ सुलट आणि दोनाचा एक, म्हणजे एका घासाला, फेरीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका गटाला, १४ टाके लागतात. ११० मध्ये १४ सात वेळा बसतात आणि १२ उरतात. तुमचे उरलेले १२ तेही हेच.

४ आणि १४ या दोघांनाही चालणारे आकडे फक्त २८ च्या पाढ्यात मिळतात: ८४, ११२, १४०. ८४ टाके बाळाच्या टोपीचे आणि १४० कुणाच्याच डोक्याचे नाहीत. राहतात ११२. ते १४ ने भागले की ८ घास येतात, आणि शेवटी उरणारे टाकेही कागदावर ८ च लिहिलेत. प्रत्येक घासाचा एक-एक टाका उरला की आठ. तेव्हा माथा लिहिताना मावशींच्या हातात ११२ टाके होते, यात मला शंका नाही. मापही जुळतं. ४ इंचांत २२ म्हणजे इंचाला साडेपाच टाके, ११२ टाक्यांचा घेर झाला २० इंचांच्या थोडा वर. मोठ्या माणसाचं डोकं साधारण २२ इंच भरतं आणि टोपी त्याहून दीड-दोन इंच लहान असेल तरच ती ताणून नीट बसते.

मग ११० आले कुठून? माझा अंदाज असा, की ते दोन सरळ सुयांच्या जुन्या सवयीतून आलेत. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या बायका दोन सुयांवर शिकल्या. टोपी सपाट विणायची आणि मागे शिवायची. तिथे २-२ च्या काठाला ४ च्या पाढ्यात वर २ टाके घ्यायचे असतात. ओळ दोन सुलटांनी सुरू होते, दोन सुलटांनीच संपते, शिवताना दोन्ही बाजूंचा एक-एक टाका आत जातो आणि उरलेले दोन मिळून काठ अखंड दिसतो. त्या हिशेबाने ११० अगदी शहाणा आकडा आहे. तो फक्त गोल विणायच्या कागदावर येऊन बसलाय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी मोठी गफलत पुढे आहे, आणि तिचं मूळही मला त्याच दोन सुयांत दिसतं.

माथ्याच्या ओळी पुन्हा वाचा. "१२ सुलट, दोनाचा एक. मग ११ सुलट, दोनाचा एक." गोलात याचा अर्थ एकच निघतो: प्रत्येक फेरीत घट. ११२ वरून ८ वर यायला १०४ टाके कमी करायचे, एका फेरीत ८, म्हणजे १३ फेऱ्यांत माथा संपला. ८ नंबरच्या सुईवर ४ इंचांत २२ टाक्यांच्या हिशेबातल्या लोकरीत ४ इंचांना साधारण ३० फेऱ्या बसतात, त्या मापाने १३ फेऱ्या म्हणजे पावणेदोन इंच. आता २० इंच घेराचं वर्तुळ सपाट मिटवायचं तर घेरापासून मध्यापर्यंत सव्वातीन इंच कापड लागतं. पावणेदोन इंचांत ते मिटवलंत तर टोपीच्या डोक्यावर चुण्यांचा गोळा होतो, लोकरीची पिशवी नाडीने आवळावी तसा.

सपाट विणताना हा प्रश्न कुणाला पडत नाही. घट सुलट बाजूला होते, मग काम उलटतं आणि परतीची उलट ओळ आपोआप विणली जाते. त्या परतीच्या ओळीत कुणी घट करत नाही आणि तिचा उल्लेखही कुणी करत नाही, कारण ती यायचीच असते. दोन सुयांवर लिहिलेली "१२, मग ११, मग १०" ही यादी म्हणजे मुळात एका आड एक ओळीची यादी. तीच गोलात नेली की परतीची ओळ गळते. मध्ये साधी फेरी घातली तर १३ घटीच्या आणि १२ साध्या, एकूण २५ फेऱ्या होतात, माथा सव्वातीन इंचांच्या किंचित वर भरतो आणि डोक्यावर अलगद बसतो.

आता कागदावरचे "५ इंच" बघा. कुठून ५ इंच? टाके घातले तिथून, का काठ संपला तिथून? हा प्रश्न आणि मधल्या साध्या फेरीचा प्रश्न, या दोन्हींची मिळून चार उत्तरं होतात आणि ती चारही काढून बघण्यासारखी आहेत. कडेपासून ५ इंच आणि माथ्यात साध्या फेऱ्या धरल्या तर टोपी उंचीला सव्वाआठ इंच. कडेपासून ५ आणि प्रत्येक फेरीत घट, तर पावणेसात. कान उघडे राहतील. काठ सोडून ५ आणि साध्या फेऱ्या, तर सव्वादहा. मानेवर लोंबेल, नाहीतर दुमडावी लागेल. काठ सोडून ५ आणि प्रत्येक फेरीत घट, तर पावणेनऊ.

पहिलं आणि शेवटचं उत्तर बघितलंत? सव्वाआठ आणि पावणेनऊ, दोन्ही उंच्या मोठ्या माणसाच्या टोपीला चालतात. म्हणजे दोन ठिकाणी वेगळा अर्थ लावूनही टोपीची उंची बरोबर येऊ शकते आणि विणणारीला वाटतं आपण कागदाप्रमाणेच केलं. फरक फक्त माथ्यावर दिसतो. वाईट लिहिलेल्या पॅटर्नचा हा सगळ्यात फसवा भाग असतो. टाके जुळत नाहीत तिथे निदान हात थांबतो. दोन्ही अर्थ जुळतात तिथे कुणी थांबत नाही, आणि एकाच कागदावरून दहा जणींच्या दोन तऱ्हेच्या टोप्या दुकानात जातात. तपासणारीने अशा जागा मुद्दाम शोधायच्या. "पर्यंत", "इंच", "असंच", "बाकी तसंच" हे शब्द दिसले की तिथे पेन्सिलीने गोल करायचा आणि विचारायचं: कुठून, कुठपर्यंत, किती वेळा?

या सगळ्याचा निकाल लावणारी वस्तू तुमच्या हाताशी आहे. मावशींची टोपी मागून घ्या. वापरून वापरून ती सैल झालेली असेल, तेव्हा इंच नंतर मोजा. आधी टाके मोजा, ते ताणले जात नाहीत. काठावर बोट ठेवून सुलट पट्ट्या मोजत पूर्ण फेरी मारा. सुरुवातीच्या पट्टीला सेफ्टी पिन लावा म्हणजे चुकणार नाही. २८ भरल्या तर ११२ टाके आणि प्रश्न मिटला. २७ भरल्या तर १०८, आणि मग माथा कागदावर लिहिलाय त्याहून वेगळा आहे असं समजा. त्यानंतर टोपी उताणी करून माथा बघा. दोनाचा एक केलेला टाका उजवीकडे झुकतो आणि तो एकावर एक येत गेला की मध्याकडे जाणाऱ्या किंचित वळलेल्या रेषा तयार होतात. त्या रेषा आठ आहेत का ते मोजा. मग एकाच रेषेवरचे दोन झुकलेले टाके शोधा आणि त्यांच्या मधे एक साधा टाका दिसतो का ते पाहा. दिसला तर साधी फेरी होती. चांगल्या उजेडात, गडद लोकर असेल तर खिडकीपाशी बसून, हे काम चहा निवायच्या आत होतं.

कडेपासून माथा सुरू होतो तिथपर्यंतच्या फेऱ्याही मोजून ठेवा. त्यावरून ५ इंचांचा उगम कळेल.

सुईबद्दल दोन गोष्टी. कागदावर एकच ८ नंबर आहे. आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या ब्रिटिश क्रमांकात ८ म्हणजे ४ मिलिमीटर, आणि त्यावर ४ इंचांत २२ टाके हे बरोबर जुळतं, म्हणून इथे अडचण नाही. तरी मिलिमीटर लिहायला सांगाच. गटातल्या तरुण मुली मोबाइलवर व्हिडिओ बघून विणतात आणि तिथला अमेरिकन ८ म्हणजे ५ मिलिमीटर. अमेरिकन क्रमांक वाढेल तशी सुई जाड होते, आपला वाढेल तशी बारीक. कुठल्याही अनोळखी पॅटर्नमध्ये ओळखायची एक खूण सांगते: काठाची सुई वेगळी दिली असेल तर ती सहसा अंगाच्या सुईपेक्षा बारीक असते. काठ १० आणि अंग ८ लिहिलं असेल तर आकडे आपले. काठ ६ आणि अंग ८ असेल तर अमेरिकन. दुसरी गोष्ट म्हणजे मावशींना विचारा, काठही ८ नेच विणता का? इथल्या बहुतेक जणी काठ १० नंबरने, म्हणजे ३.२५ मिलिमीटरने विणतात आणि मग ८ घेतात. ही गोष्ट हाताला इतकी ठाऊक असते की कागदावर यायची राहून जाते. ८ नेच विणलेला काठ दोन-चार धुण्यांत पसरतो.

टेन्शनची ओळ मावशींनी लिहिली हे फार चांगलं केलं. पुष्कळ जणी ती लिहीतच नाहीत. फक्त फेऱ्यांचा आकडाही जोडायला हवा, कारण माथ्याची उंची फेऱ्यांवर ठरते. ही ओळ गटात सगळ्यांकडून पाळून घ्यायला हवी. हात घट्ट असलेल्या बाईला ४ इंचांत २४ टाके येतात, तिची ११२ टाक्यांची टोपी पावणेएकोणीस इंच होईल. सैल हाताच्या बाईला २० येतात, तिची जवळजवळ साडेबावीस. एकच कागद, एकच लोकर, एकच सुई, आणि पावणेचार इंचांचा फरक. दुकानदार टोप्या परत पाठवतो तेव्हा कारण बहुधा हेच असतं आणि बोल मात्र विणणारीला लागतो. ज्या बाईला २४ येतात तिने ७ नंबरची सुई घेऊन बघावी, जिला २० येतात तिने ९ नंबरची. हात बदलायला जाऊ नये, तो दोन फेऱ्यांनंतर पुन्हा मूळ पदावर येतो.

टेन्शन बघायला मापाचा तुकडा विणताना तो निदान ६ इंच रुंद असू द्या आणि मधले ४ इंच मोजा, कडेचे टाके खोटं बोलतात. जमल्यास तो गोलातच विणा. अनेकींचा उलट टाका सुलटापेक्षा सैल पडतो आणि मग सपाट तुकड्याचं माप गोल टोपीला लागू होत नाही. तुकडा धुऊन, वाळवून मगच मोजायचा. पावसाळ्यात मेढ्याकडे लोकर लवकर वाळत नाही, पंख्याखाली पसरून ठेवा. इस्त्री मात्र लावू नका. खण आळीत किंवा राजपथावर लोकर म्हणून आपण जी घेतो ती बहुतेक ॲक्रिलिक असते. तिला वाफ किंवा गरम इस्त्री लागली की धागा कायमचा मरतो आणि पसरलेला काठ पुन्हा जवळ येत नाही. कागदावर लोकरीची ही जातसुद्धा लिहिलेली हवी.

"एक गुंडा" खोडायलाच लावा. बाजारात २५ ग्रॅमचा गुंडा मिळतो, ५० चा मिळतो, १०० चाही मिळतो. विणायला बसण्याआधी लोकर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, टोपी झाल्यावर उरलेली पुन्हा ठेवा, फरक ग्रॅममध्ये लिहा आणि वर दहावा हिस्सा जास्त धरा. तपासणारीने परत देण्याच्या माहितीत ही सगळ्यात उपयोगाची असते, कारण मावशी गटासाठी लोकर घाऊक आणणार आणि त्यांचा सगळा हिशेब यावर उभा राहणार.

"लहान मुलांना ९६ टाके, बाकी तसंच." बाकी तसंच राहूच शकत नाही. ९६ ला १४ ने भाग जात नाही, सहा घास होऊन पुन्हा १२ उरतात. पण ९६ हा आकडा स्वतः चांगला आहे, ४ आणि ८ दोघांनाही चालतो. ८ घास केले तर एकेकात १२ टाके, म्हणजे माथा "१० सुलट, दोनाचा एक" पासून सुरू करायचा. मोठ्या टोपीच्याच यादीत दोन पायऱ्या खालून चढायचं. घेर साडेसतरा इंच होतो, १९ इंच डोक्याच्या लहान मुलाला तो बसेल. माथा २१ फेऱ्यांचा, पावणेतीन इंचांचा होतो, म्हणून त्याआधीची उंचीही ५ ऐवजी साडेचार इंच पुरे. मधलं माप हवं असेल तर १०४ टाके घेऊन ११ सुलटांपासून सुरुवात. मोठं हवं असेल तर १२० घेऊन १३ पासून. गटाला हे समजावून सांगितलं की टाके नेहमी ८ च्या पाढ्यात घ्यायचे, तर पुढची मापं बायका स्वतः काढतील. मात्र प्रत्येक माप एकदा तरी कुणीतरी विणून बघितलेलं असावं. मधलं माप सगळ्याच जणी विणतात आणि चुका लहान-मोठ्या मापांत लपून राहतात.

नव्या विणणारीसाठी आणखी दोन वाक्यं हवीत. माथ्याच्या तिसऱ्या-चौथ्या घटीनंतर टाके १६ इंची गोल सुईवर पुरेनासे होतात, तेव्हा दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर घ्यायचे. आणि "८ टाके उरले की बंद करा" वाचून नवी मुलगी ते कडेसारखे एकेक बंद करेल, माथ्यावर भोक राहील. तिथे लिहावं: धागा हातभर ठेवून कापा, जाड सुईत ओवून आठही टाक्यांतून दोनदा फिरवा, ओढा आणि आत पक्का करा.

मावशींना सांगायचं कसं, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मावशींची टोपी बरोबर आहे, त्यांचा हात बरोबर आहे. कागदावर उतरताना काही गोष्टी हातातच राहिल्या, आणि ज्याला एखादी गोष्ट फार चांगली येते त्याच्याच बाबतीत हे जास्त होतं. तेव्हा टोपी समोर ठेवूनच बोला. "मावशी, तुमच्या टोपीच्या काठाला २८ पट्ट्या आहेत, कागदावरून माझ्या साडेसत्तावीस होतायत. ११२ लिहायचं का?" असं विचारलंत तर त्या स्वतःच कागद ओढून घेतील. साध्या फेरीचंही तसंच. "तुम्ही मधे एक फेरी नुसती सुलट विणता ना?" त्या म्हणतील, "मग, ती तर विणायचीच." तेच वाक्य कागदावर लिहून घ्या.

वहीत मात्र तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. जिथे आकडे जुळत नाहीत ती चूक. जिथे दोन अर्थ निघतात ती अस्पष्ट जागा. आणि तुम्हाला स्वतःला जे वेगळं आवडलं असतं, काठ तीन इंच हवा होता किंवा वर गोंडा हवा होता, ते तिसऱ्या पानावर. पहिल्या दोन सांगणं तुमचं काम आहे. तिसरी विचारली तरच सांगायची, टोपी मावशींची आहे. प्रत्येक नोंदीत कागदावर काय आहे, तुम्ही काय केलंत आणि काय झालं हे तिन्ही लिहा. "माथा जमत नाही" एवढ्यावरून कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही. "माथा, पहिली फेरी, ११० टाके, सात वेळा झालं, १२ उरले" यावरून लगेच करता येतं.

मावशींनी होकार दिला तर दुरुस्त कागद साधारण असा व्हावा:

"माप: २२ इंच डोकं. टोपीचा घेर सव्वावीस इंच, उंची सव्वाआठ इंच. ॲक्रिलिक लोकर, ग्रॅम (वजन करून). टेन्शन: ८ नंबर (४ मिमी) सुईवर, धुऊन वाळवल्यावर, ४ इंचांत २२ टाके आणि ३० फेऱ्या. १० नंबर (३.२५ मिमी) सुईवर ११२ टाके घाला. टाके पिळलेले नाहीत ते पाहून गोल जोडा, सुरुवातीला खूण लावा. काठ: २ सुलट २ उलट, फेरीत २८ वेळा, २ इंच. ८ नंबर सुई घ्या. प्रत्येक फेरी सुलट, टाके घातलेल्या कडेपासून एकूण ५ इंच होईपर्यंत. माथा, फेरी १: १२ सुलट, दोनाचा एक, ८ वेळा, १०४ टाके राहतील. फेरी २: सगळे सुलट. फेरी ३: ११ सुलट, दोनाचा एक, ८ वेळा; ९६ राहतील. फेरी ४: सगळे सुलट. याप्रमाणे एक फेरी घटीची, एक साधी. दर घटीच्या फेरीत मधले सुलट टाके एकाने कमी. फेरी २५: दोनाचा एक, ८ वेळा, ८ राहतील. धागा ओवून ओढा."

प्रत्येक घटीपुढे उरलेले टाके लिहिलेत ते गाळू देऊ नका. विणणारीला आपण वाटेवर आहोत का हे त्याच आकड्यावरून कळतं आणि चूक झाली तर एकाच फेरीत सापडते.

ज्यांच्याकडे फक्त सरळ सुया आहेत त्यांच्यासाठी वेगळा कागद करा, याच कागदावर कोपऱ्यात टीप नको. त्यांना ११४ टाके लागतील, ११२ आणि शिवणीचे दोन. अंगाला एक ओळ सुलट आणि एक उलट येईल. माथ्याच्या ओळीत दोन्ही कडांचा एक-एक टाका घटीबाहेर ठेवायचा, शेवटी १० टाके उरतील.

दुरुस्त कागद पुन्हा तुम्ही तपासू नका. तुम्हाला आता सगळं माहीत झालंय, तुमचे डोळे गाळलेलं आपोआप भरून वाचतील. गटातल्या सगळ्यात नव्या मुलीला द्या, शेजारी बसा आणि तिने विचारल्याशिवाय काही सांगू नका. ती जिथे मान वर करून बघेल ती जागा लिहून घ्या. तिला त्या टोपीची लोकर आणि मजुरी मिळायला हवी, हे मावशींशी आधी बोलून ठेवा. तपासणीसाठी विणलेली टोपीसुद्धा विणलेलीच असते.

आता तुमच्या सुईवरची टोपी. उसवू नका. काठाच्या जोडाचा आणि उरलेल्या १२ टाक्यांचा फोटो काढून वहीला जोडा, मग माथ्याची अर्धवट फेरी तेवढी मागे घ्या. तुम्ही ५ इंच काठाच्या वर मोजले असतील, तर कडेपासून ७ झालेत असं धरते. आता एका साध्या फेरीत ५५ टाक्यांच्या अंतराने दोन टाके वाढवा, ११२ होतील. मग वरच्याप्रमाणे २५ फेऱ्यांचा माथा विणा. टोपी सव्वादहा इंच होईल. दोन इंचांचा काठ बाहेर दुमडला की ती सव्वाआठवर येते, आणि २ सुलट २ उलट दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, त्यामुळे दुमडलेला काठ उलटा वाटत नाही. जोडावरचे चार सुलट टाके मागच्या बाजूला ठेवा.